पाट्या, आरसा, स्पीड ब्रेकर: सोसायटीच्या खजिनदाराचा पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

पुण्यात धायरीच्या चढावर आमची तीन विंगची सोसायटी आहे. मी तिची खजिनदार, म्हणजे सभेत सगळ्यांना सगळं हवं असतं तेव्हा "किती रुपये?" असं विचारून वातावरण बिघडवणारी बाई. यंदा मे महिन्यात आम्ही सोसायटीच्या आतल्या रस्त्यांसाठी ट्रॅफिकचं सामान घेतलं. स्टॉपच्या आणि वेगमर्यादेच्या पाट्या, बेसमेंटच्या रॅम्पसाठी गोल आरसा, रबरी स्पीड ब्रेकर, एक सोलर ब्लिंकर म्हणजे उन्हावर चालणारा लुकलुकता दिवा, रंग आणि रस्त्यात उभे करायचे थोडे कोन. जीएसटी आणि फिटिंग धरून बिल साठ हजारांच्या आतबाहेर झालं. आता पावसाळा उलटला, दिवाळीही झाली. काय टिकलं आणि काय वाहून गेलं ते आता सांगता येतं. हे सामान घ्यायला निघालेल्या कमिट्या दुकानदारांनीच लिहिलेली कौतुकं वाचून ऑर्डर देतात, म्हणून हे जरा सविस्तर.

निकाल आधीच सांगून टाकते, कारण कमिटीतले लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत. आरसा घ्याच. पाट्या घ्या, पण रेडियम बघून घ्या. स्पीड ब्रेकरचा माल उत्तम, बसवणं भिकार. ब्लिंकरच्या वाटेला जाऊ नका. दुकानात जरूर जा. दुकानाने पाठवलेल्या फिटरला चहा पाजा आणि परत पाठवा.

दुकान नाना पेठेत आहे, टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टची गर्दी असते त्या भागात. नाव मुद्दाम देत नाही, फिटरबद्दल पुढे जे लिहिलंय ते दुकानाच्या माथी मारलं जाईल म्हणून. बाहेर हेल्मेटं, पिवळी जॅकेटं आणि एकात एक घातलेल्या कोनांची उतरंड. आत इतकी अरुंद जागा की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाने उलट पावली बाहेर यायचं. गाडी लावताना पेठेतला नेहमीचा प्रश्न आलाच: आज पी वन की पी टू? म्हणजे विषम तारखेला रस्त्याची एक बाजू आणि सम तारखेला दुसरी. मी मोबाइलवर तारीख बघून योग्य बाजूला गाडी लावली. समोरच्या, त्या दिवशी मनाई असलेल्या बाजूलाही तितक्याच गाड्या होत्या, आणि त्यातली एक नो पार्किंगच्या खांबालाच टेकवलेली. पाट्या विकणाऱ्या दुकानासमोर पाटीची ही पत!

मालक साठीच्या घरातले, बोलायला मोजके. "ताई, पाटी लावणार कुठं? तिथं दिवा आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. किंमत सांगायच्या आधी जागा विचारणारा दुकानदार क्वचित भेटतो. चेअरमन म्हणाले, दिवे सगळीकडे आहेत. मी म्हटलं, सी विंगच्या मागे नाहीत, तिथला दिवा गेल्या वर्षीपासून बंद आहे आणि इलेक्ट्रिशियनचं बिल माझ्याकडे पडून आहे. मग मालकांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं, दार ओढलं, दिवा घालवला आणि भिंतीला लाल शीटचे तीन तुकडे टेकवून ठेवले. "मोबाइलचा टॉर्च लावा. हातात लांब नाही धरायचा, डोळ्याच्या बाजूला, कानशिलाशी धरा."

टॉर्च हात लांब करून धरला तेव्हा तिन्ही तुकडे सारखेच, मळकट लाल. कानशिलाशी आणला आणि तिसरा तुकडा एकदम पेटला. दुसरा बऱ्यापैकी उजळला. पहिला मात्र तसाच मळकट. पहिला म्हणजे साधं व्हिनाइल, ज्यावर फ्लेक्सवाले छापून देतात. दुसरा इंजिनिअर ग्रेड, म्हणजे आपण ज्याला सरसकट रेडियम म्हणतो तो. त्यात काचेचे बारीक मणी असतात. तिसरा हाय इंटेन्सिटी प्रिझमॅटिक. त्यात मण्यांऐवजी सूक्ष्म प्रिझम असतात आणि शीट डोळ्याजवळ नेली तर चौकटी-चौकटींची जाळी दिसते. पाटीत स्वतःचा उजेड नसतो. आपल्याच हेडलाइटचा उजेड ती आल्या वाटेने परत पाठवते, म्हणून ज्याच्या डोळ्याजवळ दिवा आहे त्यालाच ती पेटलेली दिसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. चेअरमन माझ्या शेजारीच उभे होते आणि म्हणत होते, "मला तर तिन्ही सारख्याच वाटतायत." त्यांच्या हातात टॉर्च दिला तेव्हा गप्प झाले.

या एका प्रयोगासाठी मी दुकानाला पैकीच्या पैकी मार्क देते. दिवसाउजेडी काउंटरवर पाटी पसंत केली तर तिच्यातलं जे महाग असतं ते दिसतच नाही. तुम्ही कुठल्याही दुकानातून घ्या, ऑनलाइन मागवा, पण पाटी हातात आली की पैसे द्यायच्या आधी अंधारात नेऊन कानशिलाशी टॉर्च धरून बघा. आम्ही तिथे उभे असतानाच एका शाळेची माणसं आली होती. तिघांनी मिळून पाटीवरच्या पिवळ्याची छटा नक्की केली, रात्री दिसणार का हे कुणीच विचारलं नाही. शाळा रात्री बंद असते म्हणा.

६० सेंटिमीटरची पाटी इंजिनिअर ग्रेडमध्ये हजाराच्या आसपास पडत होती आणि प्रिझमॅटिकमध्ये जवळपास दुप्पट. कमिटीचं म्हणणं नेहमीचं: आतल्याच रस्त्याला एवढं कशाला? मी तोड काढली. गेटजवळ, जिथे रात्रभर दिवा असतो, तिथे साध्या रेडियमच्या पाट्या. सी विंगच्या मागे आणि रॅम्पवर प्रिझमॅटिक. आता रात्री दोन्ही बघून सांगते, साध्याचं दिव्याखाली काही बिघडत नाही. पण रात्री अकराला मी ऑफिसातून येते तेव्हा सी विंगच्या कोपऱ्यावरची स्टॉपची पाटी वळणाच्या अलीकडूनच अंगावर येते. तिथला दिवा अजून बंदच आहे. बोर्ड ॲल्युमिनियम कंपोझिटचा घेतला, म्हणजे एसीपी: दोन पातळ पत्रे आणि मध्ये प्लास्टिक. नुसत्या ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याचा जास्त टिकतो, पण तो भंगारात विकला जातो आणि म्हणून रातोरात चालायलाही लागतो, असं मालक म्हणाले. खांब जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचे.

पाट्यांचा आकार आणि रंग हा मतदानाचा विषय होऊ शकतो हे मला कमिटीत येईपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याकडे साधा नियम आहे: गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, निळी चौकोनी माहिती देते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे सगळं चित्रांसकट आहे. लर्निंग लायसन्ससाठी आपण सगळ्यांनी ते घोकलेलं असतं आणि लायसन्स हातात पडलं की विसरलेलं असतं. एका सभासदांना वेगमर्यादा त्रिकोणात हवी होती, जास्त उठून दिसते म्हणून. दुसऱ्यांना पाटीवर सोसायटीचा लोगो आणि खाली 'सौजन्य' म्हणून स्वतःच्या दुकानाचं नाव. बी विंगमधल्या काकांनी तर मजकूरच लिहून आणला: 'येथे लहान मुले खेळतात. त्यांपैकी एखादे आपलेही असू शकते. तरी वाहन हळू चालवून आपल्या सुसंस्कृतपणाचा परिचय द्यावा.' मजकूर पुण्याच्या पाट्यांच्या परंपरेला शोभणारा आहे यात वादच नाही. पण ताशी २० च्या वेगाने स्कूटर सेकंदाला साडेपाच मीटर जाते. 'सुसंस्कृतपणा'पर्यंत वाचून होईतो गाडी सी विंगच्या जिन्यात. शेवटी लाल कड्याच्या गोलात २० एवढाच आकडा ठेवला. काकांची पाटी लिफ्टशेजारी लावली आहे, तिथे लोक ती खरंच वाचतात.

स्टॉपच्या पाटीला आठ बाजू असतात त्या हौसेने दिलेल्या नाहीत. पाटी चिखलाने माखली किंवा मागून दिसली तरी नुसत्या आकारावरून ओळखू यावी म्हणून. अमेरिकेत १९५४ पर्यंत ही पाटी पिवळी होती, कारण उन्हापावसात टिकेल असा लाल रंग मिळत नव्हता. लाल सगळ्यांत आधी उडतो हे आजही खरं आहे. शेजारच्या सोसायटीने फ्लेक्सवाल्याकडून स्वस्तात छापून घेतलेली स्टॉपची पाटी आता फिक्की गुलाबी झाली आहे. तिच्यासमोर थांबावं की बारशाच्या शुभेच्छा द्याव्यात कळत नाही. आमच्या पाट्यांचा लाल अजून लाल आहे. एका पाटीची शीट कडेने सुटायला लागली होती. फोटो पाठवला, मालकांनी काही न विचारता दुसरी पाटी दिली. आणायला मात्र आपणच जायचं, परत सम-विषम तारीख बघून.

आता आरसा. आमचा बेसमेंटचा रॅम्प ए विंगच्या भिंतीला चिकटून वर येतो आणि थेट मुलांच्या सायकलींच्या वाटेत उघडतो. खालून येणाऱ्याला आभाळ दिसतं, वरून जाणाऱ्याला भिंत. रॅम्पच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचा असा अलिखित नियम होता, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी तो नियम रोज शिव्या घालून ऐकायच्या. तिथे ६० सेंटिमीटरचा बहिर्वक्र आरसा लावला, पॉलीकार्बोनेटचा, वर छोटी झडप असलेला. किंमत दोन हजारांच्या थोडी वर. ॲक्रिलिकचा स्वस्त मिळतो. मालकांनी पॉलीकार्बोनेटचा आरसा उचलून सरळ फरशीवर आपटून दाखवला. आमच्याकडे क्रिकेटच्या टेनिस बॉलने तो प्रयोग नंतर बराच पुढे नेला आहे आणि आरसा शाबूत आहे.

आरसा लावणं हे खिळा ठोकून मोकळं व्हायचं काम नाही. एक माणूस शिडीवर हवा आणि एक रॅम्पच्या मध्यावर, गाडीवर बसलेला. नुसतं उभं राहून बघू नका. कारच्या सीटवरून बरोबर वाटणारा कोन स्कूटरवाल्याला फक्त अशोकाची झाडं दाखवतो. आम्ही आधी माझ्या ॲक्टिव्हावर बसून कोन पकडला, मग चेअरमनच्या कारमधून, आणि मधला काढला. दुसरी गोष्ट, हा आरसा फुगीर असल्यामुळे जास्त परिसर दाखवतो, पण त्या बदल्यात सगळं लहान दाखवतो. लहान दिसलं की डोळ्याला लांब वाटतं. गाडी आहे त्यापेक्षा दूर आहे असं समजून लोक निघतात. आरशाखाली तीन शब्दांची पट्टी लावली आहे: 'दिसली म्हणजे आलीच'. ही पट्टी माझी.

तक्रारी किरकोळ. नोव्हेंबरच्या पहाटे दव पडलं की साडेसातपर्यंत आरसा आंधळा असतो, आणि शाळेच्या व्हॅन नेमक्या तेव्हाच येतात. वॉचमन काका काठीला फडकं बांधून पुसतात. शिवाय एक बुलबुल आहे. त्याला आरशात दुसरा बुलबुल दिसतो आणि तो त्याच्याशी सकाळभर भांडतो. आरशावर चोचीचे ओरखडे नाहीत, पण खालच्या पट्टीवर त्याची सही रोज असते. रॅम्पवरचे हॉर्न मात्र निम्म्याहून कमी झाले. आजी आता बुलबुलाला शिव्या घालतात.

स्पीड ब्रेकरवर जरा थांबते, कारण पैसे तिथे जास्त गेले आणि डोकंही. सार्वजनिक रस्त्यावरचा गतिरोधक कसा असावा याची रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारस आहे. १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने निवांत ओलांडता यावा असा. म्हणजे एका छोट्या कारच्या लांबीइतका पसरलेला सौम्य उंचवटा. पुण्यात असा कुणाला दिसला असेल तर पत्ता कळवावा, मी बघायला येईन. दुकानात मिळतो तो रबरी तुकड्यांचा: एक काळा, एक पिवळा, रुंदी ३५ सेंटिमीटर, उंची ५. अंगाने हा अगदी वेगळा प्राणी. २५ च्या वेगाने गेलात तर मणके मोजून होतात. हा पार्किंगसाठी, रॅम्पच्या तोंडासाठी, म्हणजे जिथे गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगावर आणायची आहे तिथे. मोठ्या सरळ रस्त्यावर हा लावू नका. आमच्याकडे कमिटीतल्या दोघांना दर वीस पावलांवर एक हवा होता. सी विंगमधल्या एका काकूंची स्लिप डिस्क आणि कधीही येऊ शकणारी ॲम्ब्युलन्स या दोन मुद्द्यांवर मी तो ठराव पाडला. दोनच ठिकाणी लावले.

माल निवडताना सोपं आहे. प्लास्टिकचा तुकडा एका हाताने सहज उचलला जातो आणि वाकवायला गेलं तर कडेला पांढरी रेघ उमटते. उन्हाळ्यात तो तिथेच तडकतो. रबराचा जड लागतो, टायरसारखा वास येतो, नख दाबलं की दबून परत येतो. पिवळा रंग वरून फासलेला आहे की आतपर्यंत आहे हे कडेच्या भोकात डोकावून बघायचं. आमचे तुकडे रबराचे होते, दोन्ही टोकांना गोलाकार शेवट, अंगात छोटे रिफ्लेक्टर. आजही तुकड्यांना ओरखड्यापलीकडे काही झालेलं नाही. घोळ झाला तो बसवताना.

आमचा आतला रस्ता पेव्हर ब्लॉकचा आहे. स्पीड ब्रेकर अँकर फास्टनरने बसवतात; भोकात घातलेला अँकर घट्ट करताना फुगतो आणि आजूबाजूच्या काँक्रीटला धरतो. अखंड काँक्रीट असेल तर प्रश्न नाही. पेव्हर ब्लॉक मात्र वाळूवर नुसता मांडलेला असतो. अँकर ब्लॉकला धरतो, ब्लॉकला कुणीच धरत नाही. मालकांनी हे दुकानातच बजावलं होतं: "तेवढ्या पट्टीतले ब्लॉक काढा, काँक्रीट ओता, आठवडाभर पाणी मारा, मग आमचा माणूस पाठवतो." काँक्रीटचं कामही त्याच माणसाने करायचं ठरलं, दर ठरला. तो आला, ड्रिल काढलं, आणि अर्ध्या दिवसात थेट ब्लॉकवर तुकडे ठोकून, चेअरमनची सही घेऊन गेला. मी तेव्हा ऑफिसात होते. काँक्रीटचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, गरज नाही, सगळीकडे असंच बसवतो." सगळीकडे असंच बसवतो हे मला अगदी पटलं, मी सिंहगड रोडने रोज येते.

जूनमध्ये काही झालं नाही. जुलैच्या मुसळधार आठवड्यात खालची वाळू धुतली गेली, ब्लॉक डोलायला लागले, आणि प्रत्येक कार गेली की तुकडा थोडा उचलायचा. खट-खट आवाज तिन्ही विंगना ऐकू यायचा. मग दोन बोल्टची डोकी बोटाच्या पेराएवढी वर आली. एका मुलाच्या सायकलचा टायर फाटला, नशिबाने टायरच. फिटरला फोन केला की "साइटवर आहे, उद्या येतो." त्याचा उद्या गणपतीपर्यंत उगवला नाही. आम्ही वॉचमन काकांकरवी सगळे तुकडे काढून जिन्याखाली रचून ठेवले, आणि पावसाळाभर सोसायटीत स्पीड ब्रेकरऐवजी स्पीड ब्रेकरची खड्डेवजा जागा होती. गाड्या तिथे तितक्याच हळू व्हायच्या, हे खेदाने नमूद करते. दसऱ्यानंतर आमच्या ओळखीच्या गवंड्याने ब्लॉक काढून काँक्रीटची पट्टी ओतली, गोणपाट टाकून भिजवली, आणि गेटसमोरच्या फॅब्रिकेटरने तेच जुने तुकडे नव्या अँकरने बसवले. आता कार गेली तरी आवाज नाही.

फिटरची अजून एक करामत सांगायची राहिली. स्पीड ब्रेकरच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी जायला फट सोडतात. वीतभर पुरते. याने हातभर सोडली होती. पुण्यातल्या दुचाकीवाल्याला हातभर फट म्हणजे हायवे. सगळ्या स्कूटर त्या फटीतून, म्हणजे बरोबर पायी चालणाऱ्यांच्या कडेने, आणि आधीपेक्षा वेगात. नवीन बसवताना फट वीतभर ठेवली. आता फक्त पाणी जातं. आणि एक डिलिव्हरीवाला मुलगा, तो कसा जातो ते मी अजून शोधते आहे.

रंगाचं थोडक्यात. मोठ्या रस्त्यांवर दिसतात ते जाड पांढरे पट्टे थर्मोप्लास्टिकचे. पावडर १८० ते २०० डिग्रीला वितळवून अडीच मिलिमीटरचा थर ओढतात, ओला असतानाच वर काचेचे मणी टाकतात, आणि काही मिनिटांत तो कडक होतो. डांबराला तो वितळून चिकटतो. काँक्रीटवर आधी प्रायमर लागतो. पेव्हर ब्लॉकवर सांध्यासांध्यात तुटतो. शिवाय आमच्या एवढ्याशा कामासाठी कुणी भट्टी पेटवून आणायला तयार होईना. दुकानाने डब्यातला रोड मार्किंग पेंट दिला आणि सोबत काचमण्यांची पिशवी. रॅम्पच्या काँक्रीटवरचे बाण आणि थांबायची रेघ अजून छान आहेत. पेव्हरवर मारलेले झेब्रा पट्टे गौरी-गणपतीपर्यंत पुसट झाले. मणी टाकायला विसरू नका: आमच्या रंगाऱ्याने एका रेघेवर टाकले, दुसरीवर पिशवी संपली. रात्री हेडलाइट पडला की एक रेघ चमकते आणि दुसरी फक्त रंग असते. मालक रॅम्पवर कॅट आयही, म्हणजे रस्त्यात बसवायची चमकणारी बटणं, लावा म्हणत होते. १९३४ साली पर्सी शॉ नावाच्या इंग्रज माणसाने पेटंट घेतलेली ही युक्ती अजून तशीच चालते आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण ओल्या रॅम्पवर वळताना स्कूटरच्या चाकाखाली गुळगुळीत उंचवटा यायला नको, म्हणून मी नाही म्हटलं.

सोलर ब्लिंकर चेअरमनच्या आग्रहाने घेतला. साडेचार हजारांना. पिवळा गोल दिवा, माथ्यावर पॅनल, आत बॅटरी. सी विंगच्या सावलीत पॅनलला दुपारचं दोन तास ऊन मिळतं; जुलै-ऑगस्टमध्ये तेही नाही. पावसाळ्यात, म्हणजे गरज असते तेव्हा, रात्री दहाला तो मान टाकायचा. ऑक्टोबरच्या उन्हात तब्येत सुधारली आणि मग पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये रात्रभर पिवळा उजेड नाचायला लागला. लेखी तक्रार आली, तीही रास्त. शिवाय हा दिवा नुसता डोळे मिचकावतो. थांबा, वळा, हळू जा, काहीच सांगत नाही. आठवड्याभरात लोकांना तो दिसेनासा होतो. सध्या काढून क्लब हाउसच्या कपाटात ठेवलाय. कुणाला उघड्या, उन्हाच्या जागी हवा असेल तर निम्म्या किमतीत देऊ.

कोन चांगले होते. होते अशासाठी की निम्मे कोन आता सभासदांच्या पार्किंगमध्ये 'ही जागा माझी आहे' असं सांगत उभे असतात. मागायला गेलं की "आमचाच आहे, आम्ही आणलाय." पुढच्या वेळी कोनावर सोसायटीचं नाव छापून घ्या, दुकान थोडे पैसे घेऊन करून देतं.

दुकानाबद्दल अजून एक. आमचा खरा धोका गेटबाहेर आहे; उतारावरून गाड्या सुसाट येतात आणि गेटमधून निघणारा त्यांना ऐनवेळी दिसतो. तिथेही एक स्पीड ब्रेकर आणि पाटी लावून टाकू, असा चेअरमनचा बेत होता. मालकांनी माल विकायलाच नकार दिला. "ताई, तो रस्ता तुमचा नाही. तिथलं काम महापालिकेचं. अर्ज द्या." बरोबरच आहे. सार्वजनिक रस्त्यावर वाहतुकीची चिन्हं लावायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे राज्य सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाचा. सोसायटीने परस्पर उंचवटा घातला आणि रात्री कुणी त्यावरून पडलं तर काय, याचं उत्तर एकाही ठरावात नव्हतं. गिऱ्हाइकाचे पैसे समोर असताना नाही म्हणणारं दुकान मी लक्षात ठेवते. अर्ज दिला आहे, फोटोंसकट, पोच घेऊन.

राहिला फिटिंगचा हिशोब. काँक्रीटचे पैसे बिलात लावले होते आणि काँक्रीट ओतलंच नव्हतं. मी फोटो, गवंड्याचं बिल आणि तुटका अँकर घेऊन नाना पेठेत गेले. मालकांनी अँकर हातात घेऊन उलटसुलट बघितला, फिटरबद्दल एक शब्द काढला जो इथे लिहीत नाही, आणि म्हणाले, "पुढच्या बिलात वळते करतो." मी ते बिलाच्या मागेच लिहून, सही घेऊन आणलं. रोख परत मिळाले असते तर जास्त बरं वाटलं असतं, पण तसंही बी विंगच्या कोपऱ्याला दुसरा आरसा लागणारच आहे. ८० सेंटिमीटरचा, पॉलीकार्बोनेटचा सांगितलाय. फिटिंगच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने फुली मारून आले.